गळू फोडताना

देश स्वतंत्र व्हायच्या आधी मी बेळगावच्या एका दवाखान्यात नर्स होते. एके सकाळी वडगावच्या विणकर घरातली सासू-सून दोन महिन्यांचं पोर घेऊन आल्या. मांडीवर गळू, हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, आत्ताच चिरा द्यायचा.

सासूनं कनवटीची डबी उघडून काळी गोळी बोटावर घेतली. वास मला ओळखीचा होता. अफू. माझ्या थोरल्या बहिणीचं बाळ असल्याच गोळीनं झोपलं, ते उठलंच नाही. मी त्या बाईचं मनगट धरलं आणि डबी हिसकावून घेतली.

"चार पोरं ह्याच गोळीवर वाढवली मी," ती म्हणाली. "तू कोण गं सांगणार?"

"हितं अफू चालत न्हाय."

"मग गुरागत कापणार व्हय त्याला?"

मी पोराला मऊ लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलं, दुखरा पाय तेवढा मोकळा ठेवला, आणि सुनेला बाकावर बसवून म्हटलं, "पाज."

सासू मध्ये आली. "पाजताना सुरी लावतीस? दूध बाधंल."

मी तिला कोपरानं बाजूला सारलं. चुकून लागलं असं मी आजही म्हणणार नाही. डॉक्टर वैतागले होते. "पोरं रडतातच. टेबलावर धरा आणि उरका."

"दोन मिनिटं थांबा," मी म्हणाले. पोर शांत चोखायला लागल्यावर डॉक्टरांना मानेनं खूण केली.

चिरा बसताच पोरानं तोंड सोडून किंकाळी फोडली. सून रडत होती, पण जागची हलली नाही. मी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवून म्हटलं, "परत लाव तोंडाला." पू धुऊन होण्याआधीच ते पुन्हा चोखू लागलं.

"रडलंच की," सासू म्हणाली. तिला बरं वाटलं होतं.

"रडलं. पण उद्या उठंल बी."

तिचा चेहरा उतरला. सुनेनं मान खाली घातली. चार वाढवली, पण जन्मली होती त्याहून जास्त, हे मला तेव्हा कळलं.

पुढं रोज पट्टी बदलताना सून आपणहून पोराला छातीशी घ्यायची. सासू व्हरांड्यात पाठ करून बसायची. जखम भरली त्या दिवशी सुनेनं मला हात जोडले. सासू पायरीपाशी थुंकली आणि चालू लागली.

मला तिची दया आली नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, तरी येत नाही.