पट्टीखालचं नाव

घाटकोपरला माझं चष्म्याचं दुकान आहे. दहीहंडीला गोविंदांच्या टी-शर्टवर दुकानाचं नाव दरवर्षी असतं, कारण ते टीव्हीवर दिसतं. मागच्या चाळीतल्या मुलींना खो-खो शिकवणाऱ्या बाई संघाच्या जर्सीसाठी पैसे मागायला आल्या, तेव्हा मी म्हटलं, "बाई, खो-खो बघतं कोण?"

बाईंनी पिशवीतून जर्सी काढली. पाठीवर माझ्या दुकानाचं नाव आधीच छापलेलं. निम्म्या पोरींचे चष्मे माझ्याकडचे, म्हणून मी नाही म्हणेन असं त्यांना वाटलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं. "न विचारता छापलंत कसं? काढून टाका!"

रविवारी मी मुद्दाम मैदानावर गेलो. छापलेलं नाव निघत नाही, म्हणून त्यांनी वर पांढरी चिकटपट्टी लावली होती. खो देताना बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारतात. प्रत्येक थाप त्या पट्टीवर पडत होती. घामाने पट्ट्या सुटायच्या. डाव संपला की पोरी एकमेकींच्या पाठीवर त्या पुन्हा दाबून बसवायच्या, माझं नाव दिसू नये म्हणून. एवढा माज होता माझा.

पैशांअभावी त्याच वर्षी संघ मोडला. नंतर मी बाईंना गाठून म्हटलं, जर्सी, बूट, सगळं देतो. त्या म्हणाल्या, "आता मुली कुठून आणू?"

अजून दुकानात मागून कुणाचा हात पाठीला लागला की मी ताडकन उठतो. खो मिळाला की उठून धावायचं असतं. मी उठतो, आणि समोर कुणीच नसतं.