ठमाबाईच्या भिंतीवरचा गेरू

ठाण्याचे फोटोग्राफर भिकाजी चित्रे यांचा माणसांच्या तोंडांवर विश्वास नव्हता. कॅमेऱ्यापुढे तोंड कसेही करता येते. मागची पाटी मात्र खरे बोलते, असे त्यांचे मत. म्हणून रस्त्यात कॅमेऱ्याची तिपाई मांडली की ते आधी भिंती वाचत आणि मग माणसे शोधत. ‘सर्व रोगांवर खात्रीचा उपाय’ या पाटीखालून खुद्द वैद्यबुवांची तिरडी निघाली, तेव्हा चित्र्यांनी खांदेकऱ्यांना जरा थांबायला सांगितले होते. ते थांबलेही.

प्लेगात खाडीकाठची आगऱ्यांची वस्ती ओस पडली. उरली एकटी ठमाबाई. तिचा मुलगा काळुराम मिठाचा मचवा घेऊन कल्याणला गेला, तो नाकेबंदीत तिकडेच अडकला. परत आल्यावर त्याला दाराला कडी दिसू नये, म्हणून म्हातारी उंबरठा सोडेना. चित्र्यांना हवे होते तसेच चित्र. फक्त भिंत कोरी होती.

शेजारच्या घरांवर प्लेगच्या पथकाने गेरूने लिहिले होते, ‘येथे रोग’. चित्र्यांनी तेच शब्द ठमाबाईच्या दारालगत, जरा सुबक अक्षरांत उतरवले. फोटो झाला की पुसायचे, एवढाच बेत.

“काय लिवलाव, भाऊसाहेब?”

“तुझं नाव. ‘ठमाबाईचं घर’.”

“माझा नाव? पाटलानी पन कंदी लिवला नाय.” तिने पदर सारखा केला.

फोटो झाल्यावर चित्र्यांनी ओले फडके काढले, तर ती आडवी आली. “ऱ्हाऊ द्या. काळ्याला दावायचाय.”

उद्या पुसू, म्हणून चित्रे घरी गेले आणि फोटोची काच धुण्यात रमले. फोटो अप्रतिम उतरला होता.

मधल्या वेळात पथक आले. सरकारी अक्षर इतके सुबक नसते, ही शंका कोणाला आली नाही. ठमाबाईने स्वतःच हौसेने भिंत दाखवली. पथकाने घरात ऊन यावे म्हणून कौले उतरवली आणि तिला गावाबाहेर रोग्यांच्या झोपडीत नेले. तिथे तिला रोग झाला आणि त्यातच ती गेली. भिंत अखेर खरी ठरली.

चित्रे चुन्याची बादली घेऊन गेले, तेव्हा नाकेबंदी उठून परतलेला काळुराम उघड्या वाशांखाली बसला होता.

“आयसला ताप नव्हता म्हन्तान,” तो म्हणाला. “मंग नेली कशापायी? त्या भिंतीवर काय लिवलाय?”

चित्र्यांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिले, जणू अक्षर लागत नव्हते.

“ठमाबाईचं घर.”

“मंग चुना कशाला आनलाव?”

चित्र्यांनी बादली पायामागे सरकवली.

“ऱ्हाऊ द्या,” काळुराम म्हणाला. “आयसचा नाव हाय.”

चित्रे बादली उचलून परतले. त्यानंतर ते मागे कोरा पडदा लावूनच फोटो काढत.

काळुरामने कौले पुन्हा चढवली. पावसाळ्याआधी त्या अक्षरांवर झावळ्या बांधायला तो विसरत नसे. वाचता येणारी माणसे त्या घराला वळसा घालून जात. काळुरामला वाटे, आई गेली आणि लोकांनी येणेजाणे सोडले.