घोडी सांगत होती

"तोंड नोका पाहू डॉक्टर, पयले कान पाहा," असं म्हणत तो घोडीवाला माझा हात मनगटाशी धरून थांबवायचा. गडचांदूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवा होतो. गायी, बैल, शेळ्या हाताखालून गेल्या होत्या; घोडा फक्त पुस्तकात पाहिलेला. त्याच्याकडे एक पांढरी घोडी होती. लग्नसराईत नवरदेव तिच्यावर बसून मिरवायचे. एरवी तो तिच्यासाठी गवत कापत हिंडायचा.

"कान मागं चिपकवले, तं रागावली. शेपटी दाबून धरली, तं भेली. मागचा एक पाय ढिला सोडून उभी हाय, म्हंजे तिचं तुमच्याशी सध्या काई भांडण नाई." हे तो थकल्या आवाजात सांगायचा, घरातल्या कोणाचा स्वभाव सांगावा तसं.

एकदा मी घाईत सुई घेऊन सरळ मागून गेलो. लाथ मांडीला बसली. त्यानं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "तिनं तीनदा सांगतलं तुम्हाले. किती डाव सांगाव तिनं?" मी पुढे महिनाभर लंगडलो. तो रोज चौकशीला यायचा. पण घोडीची बाजू त्यानं सोडली नाही.

वरातीतली घोडी तुम्हीही पाहिली असेल. आपण पाहतो नवरदेवाकडे. तो मात्र तिच्या नाकपुड्यांवर नजर ठेवून चालायचा. त्या ताणल्या की हात वर करून बँड थांबवायचा. लोक चिडायचे. "पाच मिन्ट द्या तिले," एवढंच तो म्हणायचा.

एका वैशाखात, भर दुपारी, तो घोडीला धरून चालत दवाखान्यात आला. कोरपन्याकडच्या एका गावातली सकाळची वरात उरकून आला होता. घोडी घामानं निथळत होती. वळून वळून पोटाकडे पाहत होती, पुढच्या पायानं माती उकरत होती. पोटशूळ होता. मी नाकातून नळी घालून तेल सोडलं, इंजेक्शनं दिली. आळीपाळीनं आम्ही तिला फिरवत राहिलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सकाळपासून. दाना सोडला होता तिनं. दोनदा पोटाकडं पाह्यलं. मले समजलं होतं, डॉक्टर. पण नवरदेव कपडे घालून उभा, मी शब्द देल्ला होता. म्हटलं, एवढी वरात होऊ दे."

मी दोर घेऊन तिला आणखी एक फेरी मारून आणली. थोड्या वेळानं त्यानं तिचे दोन्ही कान हातांत धरले.

"थंडे पडले," तो म्हणाला. "आता नोका फिरवू. बसू द्या तिले."

उन्हं उतरायच्या आत घोडी गेली.

दुसरी घोडी त्यानं घेतली नाही. चुनखडीच्या खाणीवर फाटकाशी राखणीला बसू लागला. पण दवाखान्यात घोडा आला की मी निरोप धाडायचो, आणि तो अंगावरची पांढरी धूळ झटकत यायचा. कुठे दुखतंय ते सांगायचा. बहुतेकदा बरोबर निघायचं. चहाला मात्र थांबायचा नाही.

एकदा एक तट्टू आलं म्हणून मी शिपायाला त्याच्या घरी पाठवलं. शिपायाबरोबर त्याची बायको आली.

"थे गेले, साहेब," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले. तापातच गेले. तुमाले सांगाले कोणाले धाडू, समजलं नाई."

ती जरा वेळ पायरीवर बसली आणि गेली.

तट्टू अंगणात मान खाली घालून उभं होतं. मालक दोर धरून माझ्याकडे पाहत होता. मी तट्टाभोवती सावकाश एक चक्कर मारली. मग आणखी एक.

"काय झालं त्याले?" मालकानं विचारलं.

"थांबा," मी म्हणालो. "पाहू द्या."