पाटसच्या पाण्यात

शिरूरच्या कॉलेजात नकुशीला रसायनशास्त्र शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या खोलीवर चहाला म्हणून कुणी कधी आलं नव्हतं. तिनंही कुणाला बोलावलं नव्हतं. लग्नाचा विषय घरच्यांनी काढून काढून सोडून दिला होता.

कॉलेजात तिच्या जोडीला स्वप्नाली होती तोवर बरं होतं. दोघी एकाच प्रयोगशाळेत अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म स्फटिक बनवायच्या. साध्या डोळ्यांना न दिसणारे हे कण जांभळ्या दिव्याखाली धरले, की लालभडक उजळायचे. पण ते जन्मतात तेलकट द्रावणात. पाण्याशी त्यांचं जमत नाही. म्हणून त्यांच्यावर पाण्याला मानवेल असं आवरण चढवावं लागतं. स्वप्नाली कण घडवायची, नकुशी त्यांना पाण्यात नांदवायची. पुढं स्वप्नाली लग्न करून हॉलंडला गेली. आधी फोन यायचे, मग वाढदिवसाचे मेसेज, नंतर तेही थांबले. आता कण घडवायचं कामही नकुशीच करायची आणि झालेलं काम स्वतःलाच दाखवायची.

एका दिवाळीला ती पाटसला घरी गेली तेव्हा कणांची एक कुपी आणि छोटा दिवा बरोबर घेऊन गेली. वडिलांनी, पोपटरावांनी, दार-खिडकी लावून घेतली. दिवा पेटला, कुपी लाल झाली. म्हातारा हरखला.

"हे आपल्या पाण्यात घाल की," ते म्हणाले.

"आप्पा, हे विषारी असतंय. प्यायच्या पाण्यात न्हाई चालत."

"पितंय कोण? काचंच्या नळीत घाल. बघू तरी."

तिनं विहिरीचं पाणी नळीत घेतलं, वर थेंब सोडले. क्षणभर छान उजळलं. मग पाणी गढुळलं, आणि चहा होईस्तोवर लाल गाळ तळाला बसला.

"आपल्या पाण्यात टिकत न्हाई व्हय गं?" पोपटराव म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, जणू पाहुण्याला घरचं जेवण रुचलं नव्हतं.

नकुशी हसली खरी, पण शिरूरला परतताना तिच्या मांडीवर विहिरीच्या पाण्याचा कॅन होता. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे एसटी चालली होती, आणि ती त्या गाळाचाच विचार करत होती. काय झालं ते तिला कळत होतं. आवरणाच्या टोकांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून कण एकमेकांना लांब ढकलतात. शुद्ध पाण्यात ते महिनोन् महिने सुटे राहतात. पण उसाच्या पट्ट्यातलं पाणी क्षारानं जड. त्यातला चुना मधे पडला, की भार मरतो, कण एकमेकांना बिलगतात आणि बुडतात. इतकी वर्षं तिनं त्यांना फक्त शुद्ध पाण्यातच जपलं होतं.

तिनं आवरण बदललं. भारावर न विसंबता नुसत्या लांब, पाणी धरून ठेवणाऱ्या साखळ्यांनी कणांना लांब ठेवायचं ठरवलं. पहिल्या साखळ्या उजेडात ठेवल्यावर कणांवरून गळून पडल्या. दुसऱ्या टिकल्या, पण कणांचा उजेडच मंदावला. सुट्ट्या आल्या, गेल्या. कॉलेजातली माणसं दारातून डोकावून "मॅडम, अजून इथंच?" म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता निघून जायची. कॅन संपला की तिचा भाऊ दत्ता एसटीच्या कंडक्टरबरोबर दुसरा पाठवायचा. अशाच एका कॅनच्या वेळी त्यानं फोनवर सांगितलं, "आप्पांना दिसायचं बंद झालंय. काचबिंदू. डॉक्टर म्हणले, आता काही होत न्हाई."

पुढच्याच उन्हाळ्यात ते जमलं. सगळ्या बाजूंनी कणाला धरून बसणारं नवं आवरण चढवलं, आणि विहिरीच्या पाण्यातली कुपी टेबलावर आठवडेच्या आठवडे तशीच राहिली. गाळ नाही, धुरकटपणा नाही. नकुशीनं स्वप्नालीला फोटो पाठवला. निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे तिनं पाहिला होता. उत्तर आलं नाही.

ती पाटसला गेली. पोपटराव ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बाजेवर बसले होते. तिनं बूच घट्ट लावलेली कुपी त्यांच्या हातात दिली आणि दिवा लावला. म्हाताऱ्यानं कुपी हलवून कानाशी नेली.

"पेटलं?"

"पेटलंय, आप्पा. आपल्याच विहिरीचं पाणी हाय."

"खाली बसलं न्हाई?"

"न्हाई बसलं."

त्यांच्या सुरकुतलेल्या बोटांच्या फटींतून लाल उजेड पाझरत होता. तो बघणारी ती एकटीच होती. दत्ता मोटर चालू करायला रानात गेला होता, त्याची पोरं शाळेत. पोपटराव बराच वेळ कुपी धरून होते. मग त्यांनी विचारलं, "मला तर दिसत न्हाई. आता तू हे दाखवणार कुणाला?"

रस्त्यावरून कारखान्याकडून येणारा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला.

"हायत की, आप्पा," ती म्हणाली. "लय जण हायत."

"मग झ्याक," पोपटराव म्हणाले, आणि सांडू नये अशा बेतानं त्यांनी कुपी तिच्याकडं परत केली.