गाऱ्हाण्यातली गाळलेली ओळ

"कोण ऱ्हावलो ना मूं?" कोणी राहिलं तर नाही ना, हे विचारल्याशिवाय आजोंचं, साऱ्या गावाच्या आजोबांचं, कुठलंच काम संपत नसे. विचारताना ते अंगठ्याने बोटांची पेरं मोजत. लग्नात पंगत उठली की मांडवाच्या दाराशी हाच प्रश्न. डिचोलीहून सुटणारी बस तर त्यांनी कितीदा अडवून धरली असेल! "मासळी हाडूंक गेल्या ती, येंव दी रे तिका," असं कंडक्टरला बजावून ते दारातच उभे राहत. कंडक्टर वैतागे, आम्ही हसत असू, आणि मासळी आणायला गेलेली ती बाई पिशवी सांभाळत धावत येई. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुमचं दुर्दैव.

त्यांचं खरं काम देवळातलं. जत्रेला देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यानपिढ्या त्यांच्या घराकडे होता. एकेका देवाचं, राखणदाराचं नाव घेऊन ते गावाला सांभाळ म्हणत आणि प्रत्येक नावाला सारा गाव "व्हय म्हाराजा" म्हणे. त्या नावांत सगळ्यात शेवटी शिवेवरचा खुरीस, म्हणजे क्रूसही असे. पाव विकणारी मारी त्याच्यापुढे मेणबत्ती लावी आणि गुरं हरवली की हिंदू बायका तिथे तेल घालीत. मी गावच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा मला याचं नवल वाटलं होतं. दोन वर्षांत तेही वाटेनासं झालं.

मग पंचायतीची निवडणूक आली. देवस्थान समितीच्या नव्या अध्यक्षाला सरपंच व्हायचं होतं, आणि नजर पणजीवर होती. त्याने देवळाला लाउडस्पीकर दिला आणि भर बैठकीत आजोंना विचारलं, "आमचीं देवळां जांणी फोडलीं, तांचो खुरीस आमच्या गाऱ्हाण्यांत कित्याक?"

आजो रागावले नाहीत. "फोडपी राजे आशिल्ले, बाबा. तांकां राज जाय आशिल्लें. आमचो देव तेन्ना न्हंय पार करून हांगा पळून आयलो, ह्या गावान ताका जागो दिलो. खुरीस मागीर आयलो, ताकाय दिलो. आयल्ल्याक भायर घालपाची ह्या गावची रीत न्हय."

देवळं फोडणाऱ्या राजांना राज्य हवं होतं; नदी ओलांडून पळून आलेल्या देवाला गावाने जागा दिली तशी मागून आलेल्या खुरसालाही दिली, आता त्याला बाहेर कसं घालायचं, असं त्यांचं म्हणणं. बैठक उठली, आणि मीही इतरांसारखा वहाणा शोधू लागलो.

आठवड्याने अध्यक्ष माझ्याकडे आला. आजो थकले, यंदापासून त्यांचा पुतण्या गाऱ्हाणं वाचील, तेवढं लिहून काढा म्हणाला. मी देवळाच्या पायरीवर आजोंशेजारी बसून सगळी नावं उतरवून घेतली. आजोंना वाचता येत नव्हतं. वही त्यांनी नाकाशी नेली, हुंगली आणि समाधानाने हसले. समितीने तिच्यातली शेवटची, खुरसाची ओळ तांबड्या शाईने खोडली आणि माझ्याकडे स्वच्छ प्रत मागितली. माझी शाळा देवळाच्याच अग्रशाळेत, यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, भरत होती. मी प्रत करून दिली.

जत्रेच्या दिवशी सकाळी आजो वाटेत भेटले. "सगळे आयले मूं, मास्तर? कोण ऱ्हावलो ना मूं?"

"सगळे आले," मी म्हणालो.

पुतण्या लाउडस्पीकरवर वाचू लागला. आजो जन्मात पहिल्यांदाच गर्दीत उभे राहून पेरं मोजत होते, प्रत्येक नावाला "व्हय म्हाराजा" म्हणत होते. पुतण्याने कागद मिटला, ढोल सुरू झाले. आजोंचा अंगठा शेवटच्या पेरावर तसाच होता. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर फार बरं झालं असतं.

त्यानंतर ते देवळात आले नाहीत. लग्नात पंगत उठली की गुपचूप वहाणा घालून घरी जात. बस वेळेवर सुटू लागली. अध्यक्ष सरपंच झाला. माझ्याशी आजो बोलत, पण पावसाचं, भाताचं. तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही.

ते गेले तेव्हा मारी मेणबत्ती घेऊन अंगणाच्या कुंपणाबाहेर उभी होती. सगळ्यांचं शेवटचं दर्शन झालं, तिरडी उचलली. कोणी राहिलं का, हे विचारणारा तिरडीवर होता.

अजून दर जत्रेला गाऱ्हाणं संपलं की मी अंगठा शेवटच्या पेरावर ठेवतो आणि खुरसाचं नाव घेतो. ओठांतल्या ओठांत. मोठ्याने घ्यायची छाती मला आजवर झालेली नाही.