दर तासाला शुगर बघा!

आयसीयूतल्या नर्सला किस्से शोधावे लागत नाहीत. ड्युटी बदलताना चहा उकळेपर्यंत दोन-तीन जमतात, आणि त्यातले निम्मे शुगरचे. लोक हसतात. हसा बापड्यांनो! शुगर एकदम उतरली की बेशुद्ध माणूस काही न बोलता जातो, आणि नाव आमचं येतं.

*

बावड्याच्या एका पाव्हण्यानं वडिलांच्या नाकातल्या नळीतून चक्क काकवी सोडली. मी किंचाळलेच. तर म्हणतो, "वरडतायसा कशाला? कारखान्याची साखर न्हाय ही, आमच्या गुऱ्हाळाची काकवी हाय. हिनं शुगर वाढत न्हाय की!"

वाढली. दिवसभर मी ती उतरवत बसले आणि हा बाहेर सगळ्यांना सांगत होता, "शिस्टर लई तापट हाय."

*

एका आजींची शुगर अचानक गगनाला भिडली. मी इन्सुलिन भरून घेतलं, आणि बघते तर आजींच्या बोटावर मुंगी! सुनेनं बेशुद्ध सासूच्या हातात प्रसादाचा पेढा ठेवला होता. आजींचा हात धुऊन पुन्हा बघितली, तर शुगर नॉर्मल. ते इन्सुलिन दिलं असतं तर आजी गेल्याच होत्या. सून म्हणते, "देवाच्या परसादानं कुठं काय हुतंय व्हय?"

*

मोठे सर राउंडला आले. "सगळ्यांची दर तासाला शुगर बघा."

"सर, मशीन एकच आहे. आणि आम्ही दोघी."

"मग भराभर चाला!"

एवढं बोलून स्वतः एक मजला उतरायला लिफ्टनं गेले.

*

स्कॅनला न्यायचं म्हणून एका डॉक्टरांनी पेशंटचं नळीतलं फीड बंद केलं. इन्सुलिन चालूच! आम्हाला सांगायचं कुणी? पेशंट घामानं निथळलेला बघून आमच्या वंदनानं धावत जाऊन ग्लुकोज दिलं, म्हणून वाचला. मीटिंगमध्ये विचारलं कुणाला? वंदनालाच! "सिस्टर, तुमचं लक्ष कुठं होतं?" असा संताप आला की मी खुर्ची ढकलून बाहेर आले.

*

आणि आमच्या आशाताई. स्वतःला डायबेटिस. घरून इन्सुलिन टोचून आलेल्या, पण इथल्या धावपळीत डबा उघडायला उसंतच मिळाली नाही. पेशंटच्या शुगर बघता बघता बेडशेजारी कोसळल्या. अंग गार पडलेलं. त्यांच्याच हातातलं मशीन घेऊन मी त्यांचं बोट टोचलं. शुगर चाळीस! शिरेतून ग्लुकोज दिलं. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य, "चार नंबरची बघायची राहिली गं."

मी तिथंच रडायला लागले. तेवढ्यात इनचार्ज मॅडम आल्या. त्यांनी खाली पडलेली, आशाताईंच्या रक्ताची मशीनमधली स्ट्रिप उचलली आणि मला विचारलं,

"ही कुठल्या पेशंटच्या बिलात धरायची?"