बॉल निघायच्या आधी

सुधीरने मला शेवटचं विचारलं ते एवढंच, "निघाला का ईशान?" त्यासाठी त्याने ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला होता. मी म्हणालो, "निघाला." …ईशान निघाला नव्हता. त्याला निघ म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं होतं मी.

सुधीरला जाऊन दीड महिना होत आला. आंग मो किओच्या ऑफिसातून सुटलो की मेट्रोने बिशान स्टेशनला उतरतो, सुधीरच्या इमारतीखाली दोन फेऱ्या मारतो आणि वर न जाता परततो. घरी बसवत नाही. म्हणून आता लिहून टाकतोय.

आम्ही दोघं पुण्याहून एकाच कंपनीत इथे आलो. ईशान लहान असतानाच त्याची आई गेली. संध्याकाळी पोराला रमवायचं कसं हे कळेना, म्हणून सुधीर फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये त्याला टेनिस बॉल सरपटी टाकायचा. स्वतः क्लब क्रिकेट खेळलेला, कव्हरला उभा राहणारा. शाळेत ईशानने बेसबॉल धरला तेव्हा सुधीर चार दिवस घुम्यासारखा होता, मग मुकाट्याने तो खेळ शिकला. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, हे मलाही त्यानेच सांगितलं. जमिनीलगतचे अवघड फटके त्याच्याच वाट्याला. "उभा राहिलास की उशीर झाला," तो ईशानला म्हणायचा, "बॉल निघायच्या आधी पाय हलले पाहिजेत." शेजारच्या चिनी आंटीच्या कुंड्या फुटायच्या. "युअर सन व्हेरी फास्ट, माय प्लांट्स व्हेरी स्लो, ला," म्हणत ती सुधीरलाच झाडू द्यायची.

इथली सक्तीची लष्करी नॅशनल सर्व्हिस संपवून ईशान अमेरिकेत ट्रायलला गेला आणि एका खालच्या लीगमधल्या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. गणपतीत कुणीतरी विचारलं, पण मुलगा पुढे करणार काय? सुधीर म्हणाला, "बॉल अडवणार." मोदक खात राहिला.

तो पहिला सीझन ईशानने बहुतेक बाकावरच काढला. त्यातच सुधीरचं दुखणं निघालं. सीझन संपेपर्यंत पोराला कळू द्यायचं नाही, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं. तिकडची रात्रीची मॅच इथे सकाळी दिसायची, हॉस्पिटलमध्ये मी फोन धरून बसायचो. मग त्यांचा नेहमीचा शॉर्टस्टॉप जखमी झाला आणि ती जागा ईशानला मिळाली. त्या सकाळी त्याने झेप घेऊन एक फटका अडवला, गुडघ्यावरूनच फेकला. मी सुधीरकडे पाहिलं. चादरीखाली त्याचे पाय हलत होते.

दुपारी डॉक्टर बोलून गेले. सुधीर म्हणाला, "आता बोलाव त्याला."

मी बोलावलं नाही. आणखी दोन-तीन मॅच होऊ देत, जागा पक्की होईल, असं मनाशी म्हणत राहिलो. ईशानचे मेसेज यायचे, सुधीरच्या फोनवरून उत्तरं मी लिहायचो… खोकला आहे, बोलता येत नाही, तू खेळ. कबूल केलेलं पाळत होतो, असंही म्हणता आलं असतं. पण ते त्यानेच मोडलं होतं. खरं म्हणजे त्या जागेवर ईशानला बघायची हाव मलाच सुटली होती.

"निघाला," म्हणालो त्याच्या दुसऱ्या पहाटे सुधीर गेला.

बातमी कळून ईशान आला. तेराव्यानंतर त्याला कॉरिडॉरमध्ये सगळं सांगितलं. तो चिडला नाही. "बाबांनी बोलावलं होतं?" मी हो म्हणालो. "जागा माझी होती, काका. सोडायची की नाही, ते मी ठरवलं असतं." अमेरिकेला परत जाताना घराची किल्ली मात्र माझ्याच हातात दिली, संध्याकाळी दिवा लावा म्हणाला. तिकडे त्या जागेवर आता दुसरा कुणी खेळतो. मला त्याचा फोन नाही.

काल पहिल्यांदा वर गेलो. दिवा लावला. चपलांच्या रॅकवर तो टेनिस बॉल होता, लव झडून गुळगुळीत झालेला. बाहेर येऊन सुधीरसारखाच सरपटी टाकला. टोकाला कुणी नव्हतं. भिंतीला लागून बॉल परत येताना दिसत होता, सरळ माझ्याकडेच, सावकाश… कुणालाही अडवता आला असता. पायाशेजारून निघून गेला, तरी मी उभाच होतो.